पडता पडता चंद्रावर

जुलै १९६९ मध्ये ‘अपोलो ११’ निघालं आणि चौथ्या दिवशी चंद्राभोवती फिरूही लागलं. आपलं ‘चांद्रयान-३’ १४ जुलै २०२३ ला दुपारी श्रीहरिकोट्याहून उडालं आणि चंद्राच्या कक्षेत शिरलं ५ ऑगस्टला. तब्बल बावीस दिवसांनी! त्यातले पहिले सतरा दिवस तर ते चंद्राकडे निघालंच नव्हतं, पृथ्वीभोवतीच घिरट्या घालत होतं. चंद्र तोच, अंतरही तेच पावणेचार-चार लाख किलोमीटरचं. मग एवढा द्राविडी प्राणायाम कशासाठी?

अर्धं उत्तर रॉकेटच्या आकारात आहे. अपोलोला नेणारं ‘सॅटर्न-५’ ११० मीटर उंच आणि जवळपास तीन हजार टन वजनाचं होतं. आपलं ‘एलव्हीएम-३’ साडेत्रेचाळीस मीटरचं आणि ६४० टनांचं. पण उरलेलं अर्धं उत्तर कितीतरी जास्त गमतीचं आहे. एवढ्याशा रॉकेटवर निघालेलं यान चंद्रापर्यंत पोचलंच कसं? हे समजून घ्यायचं, तर आधी एक विचित्र गोष्ट पचवावी लागते. रॉकेटपासून सुटल्यावर चांद्रयान बहुतेक सगळा वेळ इंजिन बंद ठेवून नुसतं पडत होतं. हो, पडत होतं!

हे पडणं पाहायला आधी जवळच जाऊन येऊ, आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात. २०२५ च्या जून-जुलैमध्ये आपले शुभांशू शुक्ला तिथे राहून आले. तिथली दृश्यं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. माणसं तरंगताहेत, हातातून सुटलेलं पेन जागच्या जागी राहतंय, पिशवीतून निसटलेलं पाणी गोळा होऊन हवेत थरथरतंय. कुणालाही वाटेल, तिथे गुरुत्वाकर्षण नसणारच.

आता आकडा बघा. स्थानकाची उंची सुमारे ४०० किलोमीटर. मुंबई ते पणजी हे अंतर सरळ रेषेत मोजलं, तर साधारण तेवढंच भरतं. पृथ्वीच्या केंद्रापासून आपण आत्ताच ६,३७१ किलोमीटरवर आहोत, त्यात या चारशेची भर ती केवढीशी? तिथलं गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्या तुलनेत अजून ८९ टक्के शिल्लक असतं. तेवढ्या उंचीचा मनोरा बांधून त्याच्या टोकावर वजनकाटा ठेवला, तर ६० किलोच्या माणसाचं वजन ५३ किलो दाखवेल. तो माणूस तिथे अजिबात तरंगणार नाही.

मग स्थानकातली माणसं का तरंगतात? कारण त्यांच्या पायाखालचं स्थानकही त्यांच्याबरोबर, त्यांच्याच वेगानं पडत असतं. पेन पडतंय, पाणी पडतंय, भिंती पडताहेत, माणूसही पडतोय. सगळेच सारखे पडत असले की कुणी कुणावर टेकणार कसं?

बरं, पडतंय म्हणता, मग ते पृथ्वीवर आदळत का नाही?

याचं उत्तर न्यूटननं एका काल्पनिक डोंगरावर तोफ चढवून दिलं. त्याच्या मृत्यूनंतर, १७२८ मध्ये छापल्या गेलेल्या पुस्तकात त्याचं चित्रही आहे. डोंगर एवढा उंच की वर हवेचा अडथळा उरत नाही. तोफेचं तोंड आडवं ठेवायचं आणि गोळा डागायचा. थोड्या अंतरावर तो जमिनीवर पडेल. दारू वाढवली की आणखी लांब पडेल. आणखी वाढवली तर?

इथे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवायचे. पृथ्वीवर कुठलीही वस्तू सोडली, की पहिल्या सेकंदात ती ४.९ मीटर खाली येते. हा पहिला आकडा. दुसरा पृथ्वीच्या गोलाईचा. अगदी सरळ आडवं निघालं, तर आठ किलोमीटर जाईपर्यंत खालची जमीन साधारण पाच मीटर खाली वळलेली असते. म्हणजे आपल्या गोळ्यानं सेकंदाला जवळपास आठ किलोमीटरचा वेग गाठला, तर काय होईल? तो सेकंदात पाच मीटर पडेल, आणि जमीनही तेवढीच खाली सरकलेली असेल. पुढच्या सेकंदाला पुन्हा तेच. त्याच्या पुढच्याही. गोळा पडत राहील आणि जमीन त्याच्या हाती लागणार नाही. दीड तासानं तो तोफ डागणाऱ्याच्या पाठीमागून हजर!

याचंच नाव कक्षा. वर धरून ठेवणारं कुणीही नाही, इंधनाचा थेंबही जळत नाही. पडायचं, पण पडताना आडवं इतक्या वेगानं जायचं की जमीन प्रत्येक वेळी हुकावी.

न्यूटनची झेप एवढ्यावर थांबली नाही. तोफेचा गोळा असा फिरू शकतो, तर डोक्यावरचा चंद्रही तेच करत नसेल कशावरून? चंद्र आपल्यापासून पृथ्वीच्या साठ त्रिज्यांवर आहे. अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात ओढ कमी होत असेल, तर तिथे ती साठ गुणिले साठ, म्हणजे ३,६०० पट क्षीण हवी. ४.९ मीटरला ३,६०० नं भागा. उत्तर येतं जेमतेम १.४ मिलिमीटर. चंद्राची कक्षा मोजून पाहिली, तर तो सेकंदाला सुमारे एक किलोमीटर आडवा सरकतो आणि तेवढ्या वेळात सरळ रेषेपासून पृथ्वीकडे पडतो... १.४ मिलिमीटर!

यातली आणखी एक मौज पाहा. एका मिनिटात साठ सेकंद, आणि पडण्याचं अंतर वेळेच्या वर्गानुसार वाढतं. त्यामुळे अंगणातला दगड एका सेकंदात जेवढा पडतो, बरोबर तेवढाच चंद्र एका मिनिटात पडतो. आकाशाचे नियम वेगळे आणि जमिनीचे वेगळे, असं माणूस हजारो वर्षं धरून चालला होता. या एका भागाकारानं ती भिंत कोसळली.

पण चंद्राला पृथ्वी कुठे आहे हे कळतं कसं? मध्ये दोरी नाही, हवासुद्धा नाही. हा प्रश्न खुद्द न्यूटनलाही छळत होता. पुढे भौतिकशास्त्रानं या प्रश्नाकडे नव्या नजरेनं पाहिलं, क्षेत्राच्या नजरेनं. पृथ्वीभोवतीच्या अवकाशातल्या प्रत्येक बिंदूशी एक आकडा आणि एक दिशा जोडलेली आहे. ‘इथे जे कुणी असेल, त्याचा वेग सेकंदागणिक इतका आणि या दिशेनं बदलेल.’ चंद्राला लांबच्या पृथ्वीची चौकशी करावी लागत नाही. तो जिथे आहे तिथलं क्षेत्रच त्याला काय करायचं ते सांगतं.

आणि हे क्षेत्र कुणाचं तोंड बघत नाही. २ ऑगस्ट १९७१ ला ‘अपोलो १५’ च्या डेव्हिड स्कॉटनं चंद्रावर उभं राहून एका हातातला हातोडा आणि दुसऱ्या हातातलं पक्ष्याचं पीस एकाच वेळी सोडलं. हवा नसल्यामुळे दोन्ही एकदमच जमिनीला टेकले. जड-हलकं असा भेदच नाही. म्हणून तर शेकडो टनांचं स्थानक आणि त्यातलं पेन एकाच वाटेनं पडू शकतात.

हे क्षेत्र सगळीकडे एकसारखं असेल असं मात्र समजू नका. पृथ्वीच्या पोटात कुठे घट्ट खडक आहे, कुठे विरळ. त्याप्रमाणे ओढ कमी-जास्त होते. श्रीलंकेच्या दक्षिणेला हिंदी महासागरात ती इतकी कमी आहे की तिथली समुद्राची पातळी आदर्श आकाराच्या पृथ्वीवर असायला हवी होती, त्यापेक्षा शंभर मीटरहून अधिक खाली गेलेली आहे. मग आजूबाजूचं पाणी तिकडे धावून तो खड्डा भरून का काढत नाही? कारण पाण्याच्या लेखी तिथे खड्डा नाहीच! पाणी ओढीच्या हिशेबानं सपाट राहतं, आणि त्या हिशेबानं तो समुद्र अगदी सपाट आहे. वरून जाणाऱ्या जहाजाला कशाचा पत्ताही लागत नाही.

उपग्रहाला मात्र लागतो. २००२ मध्ये ‘ग्रेस’ नावाचे जुळे उपग्रह एकामागे एक, सुमारे २२० किलोमीटरचं अंतर राखून सोडण्यात आले. खाली जास्त वस्तुमानाचा प्रदेश आला, की पुढच्याला तो आधी ओढून घेई आणि दोघांतलं अंतर किंचित वाढे. मागचा तिथे पोचला की ते पुन्हा बदले. हा बदल ते मिलिमीटरच्या हजाराव्या भागापर्यंत मोजत. त्यावरून कळलं काय? २००२ ते २००८ या सहा वर्षांत राजस्थान, पंजाब आणि हरियाणाच्या जमिनीखालून १०९ घन किलोमीटर पाणी नाहीसं झालं होतं. विहिरीत दोर न सोडता, एकही बोअर न घेता, नुसतं पडता पडता दोन उपग्रहांनी आपल्या भूजलाचा ताळेबंद मांडला.

आता गाडी चालवायला बसू या. कक्षेतली गाडी. तुमच्या पुढे, त्याच कक्षेत एक यान चाललंय आणि तुम्हाला ते गाठायचंय. काय कराल? वेग वाढवाल. ३ जून १९६५ ला ‘जेमिनी ४’ या यानाचा वैमानिक जेम्स मॅक्डिव्हिट यानं हेच केलं. ज्या रॉकेटनं त्याला वर आणलं, त्याचा रिकामा टप्पा जवळच फिरत होता. त्याच्या दिशेनं नाक वळवून त्यानं यानाला रेटा दिला. टप्पा जवळ यायच्या ऐवजी लांबच जायला लागला! पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. शेवटी इंधन भराभर खर्च होऊ लागल्यामुळे नाद सोडावा लागला.

असं का व्हावं? कक्षेत वेग वाढवला, की यान वरच्या, मोठ्या कक्षेत चढतं. वरच्या कक्षेची वाट लांब, आणि तिथली ओढ कमी असल्यामुळे चालही मंद. म्हणजे घाई केली की तुम्ही मागे पडता. पुढच्याला गाठायचं असेल, तर ब्रेक मारायचा! वेग कमी केला की यान खाली उतरतं, खालच्या आखूड कक्षेत त्याची चाल वाढते आणि ते पुढच्याच्या खालून सरसर पुढे निघतं. मग योग्य वेळी वर चढायचं. अंतराळात दोन यानांची भेट घडवणं हे या उफराट्या गणितामुळेच अवघड. इस्रोनं १६ जानेवारी २०२५ ला ‘स्पेडेक्स’ मोहिमेत २२० किलोंचे दोन उपग्रह जोडून दाखवले, तेव्हा हे जमवणारा भारत चौथा देश ठरला. दोन्ही उपग्रह सेकंदाला सात किलोमीटरहून अधिक वेगानं पृथ्वीभोवती पडत होते, आणि एकमेकांना भिडले ते अगदी हलक्या हातानं.

जितकं वर, तितकं मंद हा नियम तुमच्या गॅलरीतही दिसेल. टीव्हीची छत्री तिथे भिंतीला एकदा पक्की केली, की वर्षानुवर्षं हलवावी लागत नाही. महाराष्ट्रात ती दक्षिणेच्या बाजूला तोंड करून असते, कारण तिचा उपग्रह विषुववृत्तावर आहे, ३५,७८६ किलोमीटर उंचीवर. ४०० किलोमीटरवरचं स्थानक पृथ्वीची फेरी दीड तासात पुरी करतं. चंद्राला सत्तावीस दिवस लागतात. या दोहोंच्या मध्ये एक उंची अशी असणारच, जिथे फेरीला पृथ्वीच्या स्वतःभोवतीच्या फिरण्याइतकाच वेळ लागेल, २३ तास ५६ मिनिटं. तीच ही उंची. तो उपग्रह सेकंदाला तीन किलोमीटर वेगानं पडतोय आणि आपल्याला मात्र जागेवर खिळल्यासारखा दिसतोय.

एवढी शिदोरी घेऊन आता चांद्रयानाकडे जाऊ.

रॉकेटनं त्याला एका लांबट कक्षेत सोडलं. पृथ्वीच्या सर्वांत जवळ असताना १७० किलोमीटर, सर्वांत दूर असताना सुमारे ३६,५०० किलोमीटर. फेरीला साडेदहा तासांहून थोडा अधिक वेळ. ग्रह सूर्याजवळ आले की वेग घेतात आणि दूर गेले की रेंगाळतात, हे केप्लरनं १६०९ मध्येच जगाला सांगितलं होतं. इथेही तसंच. जवळच्या टोकाला यानाचा वेग सेकंदाला १०.३ किलोमीटर, दूरच्या टोकाला दीडच.

चंद्राकडे जायचंय, म्हणजे दूरचं टोक आणखी लांब न्यायचंय. मग इंजिन पेटवायचं कुठे? पृथ्वीपासून लांब असताना, की अगदी जवळ असताना? मन म्हणतं, लांब. तिथून चंद्र जवळ नाही का? निसर्ग म्हणतो, जवळ! गतीची ऊर्जा वेगाच्या वर्गावर अवलंबून असते. त्यामुळे आधीच भरधाव असलेल्या यानाचा वेग तेवढाच वाढवला, तरी ऊर्जेची कमाई मोठी होते. दूरच्या टोकाला दिलेला रेटा जवळच्या टोकाला दिला, तर यानाला साडेसहापट ऊर्जा मिळते. इंधन तेवढंच, यान तेच, फक्त जागा बदलली. हे गणित मांडणाऱ्या हर्मान ओबर्थचं नावच या करामतीला मिळालं आहे.

मग एकाच दमात सगळा रेटा का दिला नाही? कारण यानाचं इंजिन लहानसं, ४४० न्यूटनचं. जमिनीवर ४५ किलोंचं ओझं उचलून धरायला लागतो तेवढाच त्याचा जोर, आणि ढकलायचं यान ३,९०० किलोंचं! लागणारा सगळा वेग त्यातून एका दमात मिळवायचा, तर दीड तास इंजिन चालवावं लागलं असतं. तोवर यान जवळचं टोक ओलांडून कुठल्या कुठे निघून गेलं असतं आणि जागेचा फायदा हातचा गेला असता. म्हणून एकेका फेरीत थोडं थोडं. नागपंचमीचा झोका एका हिसक्यात कुणी आभाळाला लावत नाही. दर खेपेला नेमक्या क्षणी एक हलका रेटा, आणि झोका आधीपेक्षा उंच. बावीस दिवसांचं कोडं इथे सुटतं.

१८ जुलैला दूरचं टोक ५१,४०० किलोमीटरवर गेलं. २० जुलैला ७१,३५१. २५ जुलैला १,२७,६०९. आणि ३१ जुलै संपून १ ऑगस्ट लागताना शेवटचा रेटा मिळाला, तेव्हा ३,६९,३२८!

या आकड्यांत एक नवल दडलेलं आहे. दूरचं टोक दहापट लांब गेलं. त्यासाठी जवळच्या टोकाचा वेग किती वाढवावा लागला असेल? सेकंदाला १०.३ वरून साधारण १०.९ किलोमीटर. जेमतेम सहा टक्के! पृथ्वीपासून जसजसं दूर जावं, तसतसं क्षेत्र विरत जातं आणि पुढची चढण सोपी होते. सुरुवातीचे काही हजार किलोमीटर महागडे, शेवटचे दोन लाख जवळजवळ फुकट.

पण नेम धरायचा कुठे? त्या रात्री चंद्र जिथे होता, तिथे रोखून उपयोग नव्हता. यानाला पोचायला पावणेपाच दिवस लागणार होते, आणि तेवढ्यात चंद्र आपल्या वाटेवर चार लाख किलोमीटरहून अधिक पुढे सरकणार होता. म्हणजे यानाला जेवढं अंतर कापायचं होतं, त्याहूनही जास्त. चंद्र तिथे येईल, या हिशेबावर भरवसा ठेवून रिकाम्या जागेकडे यान सोडायचं. ते वर चढत चढत मंदावत गेलं, आणि मग चंद्राचं क्षेत्र वरचढ झालं. तिथून ते चंद्राकडे पडू लागलं.

तसंच जाऊ दिलं असतं, तर ते चंद्राला वळसा घालून निघून गेलं असतं. ५ ऑगस्टच्या संध्याकाळी सुमारे अर्धा तास इंजिन उलट्या दिशेनं चालवून वेग कमी केला, तेव्हा चंद्रानं त्याला धरलं. कक्षा होती १६४ किलोमीटर गुणिले १८,०७४. मग पृथ्वीजवळचाच खेळ, पण उलटा. दर खेपेला थोडा ब्रेक आणि आधीपेक्षा आखूड कक्षा. २० ऑगस्टला चांद्रयानातलं उतरणारं यान ‘विक्रम’ चंद्राच्या जमिनीपासून अवघ्या २५ किलोमीटरपर्यंत खाली येत होतं.

हा ब्रेक किती नाजूक असतो, हे त्याच आठवड्यात जगानं पाहिलं. रशियाचं ‘लुना-२५’ १९ ऑगस्टला कक्षा बदलत होतं. इंजिन ८४ सेकंद चालायला हवं होतं, ते १२७ सेकंद चाललं. जास्तीच्या ४३ सेकंदांनी वेग इतका उतरला की कक्षेचा खालचा भाग चंद्राच्या जमिनीतच गेला. यान आदळलं. ज्या चंद्राला आतापर्यंत हुकवत होतं, तो या वेळी हुकला नाही.

‘विक्रम’ २३ ऑगस्टला संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी अलगद उतरलं. त्याला तिथवर नेणाऱ्या प्रोपल्शन मॉड्यूलच्या टाकीत काम झाल्यावरही १०० किलोंहून अधिक इंधन उरलं होतं. मग इस्रोनं त्याच इंधनावर त्याला चंद्राच्या कक्षेतून सोडवून परत पृथ्वीभोवती आणलं. मूळ मोहिमेत नसलेली ही परतफेरी शिलकीतून साधली.

चाळीस दिवसांच्या या प्रवासात इंजिन चाललं ते मोजके तास. बाकी सगळी वाट पृथ्वीच्या आणि चंद्राच्या क्षेत्रांनी तुडवून दिली, चंद्राला सेकंदाला १.४ मिलिमीटर पाडणाऱ्या त्याच नियमानं. हाच नियम आपल्या अख्ख्या पृथ्वीलाही सूर्याकडे सेकंदाला तीन मिलिमीटर पाडतोय, आणि आपण ३० किलोमीटर आडवे सरकून दर सेकंदाला सूर्याला हुकवतोय. ही ओढ तोडून जाण्याइतकी ताकद माणसाच्या हाती फारच थोडी आहे. पण कुठल्या जागी आणि कुठल्या क्षणी किती रेटा द्यायचा, एवढं कळलं तर ती थोडी ताकदही चंद्रावर जाऊन उतरायला पुरते.